धूमकेतू पृथ्वीच्या किती जवळून जाईल, हे सहा आकड्यांवरून घरी कसं काढायचं

धूमकेतूची बातमी येते तेव्हा तिच्यात एक तारीख असते आणि एक अंतर असतं. अमुक दिवशी पृथ्वीपासून इतके कोटी किलोमीटर. हे अंतर कुणी दुर्बिणीला डोळा लावून मोजलेलं नसतं. धूमकेतूच्या कक्षेचे सहा आकडे असतात, त्यांवरून ते काढलेलं असतं. साईन-कोसाईन असलेला कॅल्क्युलेटर हाताशी असेल आणि शाळेतली भूमिती थोडीफार आठवत असेल, तर तेच अंतर आपल्यालाही टेबलावर बसून काढता येतं. मी पहिल्यांदा काढलं तेव्हा उत्तर तीन लाख किलोमीटरने चुकलं. ती चूक सापडण्यात जे शिकायला मिळालं, ते पुढे येईलच.

उदाहरणाला ४६पी/विर्टानेन हा धूमकेतू घेऊ. १७ जानेवारी १९४८ रोजी कार्ल विर्टानेन यांनी तो कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत शोधला. युरोपच्या रोझेटा यानाचं मूळ लक्ष्य हाच धूमकेतू होता, पण डिसेंबर २००२ मध्ये एरियान-५ रॉकेटला अपघात झाला, उड्डाण लांबलं आणि यान पुढे ६७पी या दुसऱ्याच धूमकेतूकडे गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये विर्टानेन आपल्या अगदी जवळून गेला. खरं उत्तर माहीत असल्यामुळे आपलं गणित ताडून बघायला तो सोयीचा आहे.

सहा आकडे

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या लघुग्रह-धूमकेतूंच्या विदागारात नाव टाकलं की हे आकडे फुकट मिळतात. २०१८ च्या फेरीचे विर्टानेनचे आकडे असे:

उपसूर्य अंतर (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या, म्हणजे उपसूर्य बिंदूचं सूर्यापासूनचं अंतर): १.०५५४ खगोलीय एकक
उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट आहे त्याचं माप): ०.६५८८
कक्षेचा कल: ११.७५ अंश
आरोही पाताचा भोगांश (धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेची पातळी खालून वर ओलांडतो त्या बिंदूची दिशा, अंशांत): ८२.१६ अंश
पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन: ३५६.३४ अंश
उपसूर्य बिंदूला पोचण्याची वेळ: १२.९३ डिसेंबर २०१८, जागतिक वेळ (आपल्याकडे १३ तारखेची पहाट)

एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर, १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. पहिले दोन आकडे कक्षेचा आकार सांगतात, पुढचे तीन ती अवकाशात कशी ठेवली आहे ते सांगतात, आणि शेवटचा आकडा म्हणजे घड्याळ. उपसूर्य अंतर १.३ पेक्षा कमी आणि फेरा २०० वर्षांच्या आतला असेल, तर त्या धूमकेतूला ‘पृथ्वीजवळचा’ म्हणतात. विर्टानेन त्यात बसतो.

कक्षा कागदावर उतरवा

ही पायरी गाळू नका. गणित तिच्याशिवायही होतं, पण मग आपण काय काढतोय तेच दिसत नाही.

उपसूर्य अंतराला (१ वजा उत्केंद्रता) ने भागा: १.०५५४ ÷ ०.३४१२ = ३.०९३. हा अर्धा दीर्घ अक्ष. त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणलं की फेऱ्याची वर्षं मिळतात: ३.०९३ × १.७५८७ = ५.४४ वर्षं. केप्लरचा तिसरा नियम तो हाच.

आता ड्रॉइंगचा मोठा कागद, दोन टाचण्या, दोरा आणि शिसपेन्सिल घ्या. एका एककाला ४ सेंटिमीटर हे माप धरा. दोन टाचण्यांमधलं अंतर १६.३ सेंटिमीटर ठेवा (दीर्घ अक्ष गुणिले उत्केंद्रता) आणि ४१ सेंटिमीटर घेराचं दोऱ्याचं कडं करून दोन्ही टाचण्यांभोवती टाका. पेन्सिलीने दोरा ताणत फिरवलं की लंबवर्तुळ उमटतं. कागदाखाली पुठ्ठा हवा, नाहीतर टाचणी कलते आणि वर्तुळाचं शेवटचं टोक पहिल्याला भेटतच नाही. एक टाचणी म्हणजे सूर्य. त्याच टाचणीभोवती कंपासने ४ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ती पृथ्वीची कक्षा.

उपसूर्य बिंदूपाशी बघा. दोन रेषांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर जागा उरते. उरलेली कक्षा गुरूच्या दिशेने लांब पसरलेली असते. वर्षानुवर्षं तिकडे रेंगाळून आलेला धूमकेतू आपल्या कक्षेला एवढा खेटून जातो, हे मला या दोन मिलिमीटरमध्येच खरं वाटलं.

आता दिशा. सूर्यापासून एक रेष ओढा आणि तिला ० अंश म्हणा. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला, म्हणजे शरद संपाताच्या दिवशी, पृथ्वी या रेषेवर असते. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जायचं. डिसेंबरच्या २१-२२ ला पृथ्वी ९० अंशांवर, मार्चच्या २०-२१ ला १८० वर. धूमकेतूच्या उपसूर्य बिंदूची दिशा म्हणजे चौथ्या-पाचव्या आकड्यांची बेरीज: ८२.१६ + ३५६.३४ = ४३८.५०, त्यातून ३६० गेले, उरले ७८.५ अंश. कागद फिरवून लंबवर्तुळाचं सूर्याजवळचं टोक त्या दिशेला आणा. पृथ्वी ७८.५ अंशांवर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असते. धूमकेतू तिथे १२.९३ डिसेंबरला पोचला. म्हणजे दोघं एकाच सुमाराला एकाच बाजूला होते.

याआधी विर्टानेन जुलै २०१३ मध्ये उपसूर्य बिंदूपाशी आला होता आणि त्यानंतर मे २०२४ मध्ये आला. दोन्ही वेळा पृथ्वी सूर्याच्या जवळजवळ पलीकडे होती. कक्षा तीच आणि जागाही तीच, पण दोन्ही फेऱ्या आपल्या दृष्टीने वाया गेल्या. दोन कक्षांमधलं कमीत कमी अंतर आणि प्रत्यक्ष धूमकेतू नि पृथ्वी यांच्यातलं अंतर या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये यांचा हमखास घोळ होतो. ‘कक्षा पृथ्वीला छेदते’ असं वाचलं की आधी तारीख विचारावी.

पात: खरी गोम इथे

कागद सपाट असतो. धूमकेतूची कक्षा मात्र पृथ्वीच्या कक्षेशी ११.७५ अंश कललेली आहे. दोन पुठ्ठ्यांना अर्ध्यापर्यंत चीर देऊन ते एकमेकांत तिरके अडकवा. जिथे ते एकमेकांना भेटतात ती सरळ रेषा म्हणजे पातरेषा, आणि ती सूर्यातून जाते. धूमकेतू पृथ्वीच्या पातळीत एका फेऱ्यात फक्त दोनदा येतो: खालून वर जाताना आरोही पातापाशी आणि वरून खाली येताना अवरोही पातापाशी. चंद्राच्या अशाच दोन पातांना आपण राहू आणि केतू म्हणतो, त्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही.

पृथ्वीच्या जवळ येण्याची संधी बहुधा या दोन ठिकाणीच असते. म्हणून कुठल्याही धूमकेतूचे आकडे मिळाले की मी आधी त्याच्या पातांची सूर्यापासूनची अंतरं काढतो. ते दोन मिनिटांचं काम आहे. उपसूर्य अंतराला (१ अधिक उत्केंद्रता) ने गुणा: १.०५५४ × १.६५८८ = १.७५०७. मग पाचव्या आकड्याचा कोसाईन घ्या, तो इथे ०.९९८. त्याला उत्केंद्रतेने गुणून आले ०.६५७४.

आरोही पात: १.७५०७ ÷ (१ + ०.६५७४) = १.०५६
अवरोही पात: १.७५०७ ÷ (१ − ०.६५७४) = ५.११

पहिला आकडा पृथ्वीच्या कक्षेला लागून आहे. दुसराही नीट बघा: गुरूची कक्षा सूर्यापासून सरासरी ५.२ एककांवर आहे. या धूमकेतूचा एक पात आपल्या दारात आणि दुसरा गुरूच्या. तो आपल्या जवळ येतो त्याचं कारणही गुरूच आहे. १९७२ पूर्वी त्याचं उपसूर्य अंतर सुमारे १.६ एकक होतं. त्या वर्षी तो गुरूजवळून गेला आणि ते १.२६ वर आलं, १९८४ च्या दुसऱ्या भेटीनंतर १.०८ झालं. छोट्या फेऱ्याच्या धूमकेतूंमध्ये गुरूचा हा हात वारंवार दिसतो.

एक पोटसूचना. नव्याने सापडलेल्या, दुरून येणाऱ्या धूमकेतूंची उत्केंद्रता १ च्या आसपास असते. तिथे दोऱ्याचं लंबवर्तुळ काढता येत नाही, पण पातांचं सूत्र जसंच्या तसं चालतं.

तारीख

पाचवा आकडा ३५६.३४ आहे, म्हणजे उपसूर्य बिंदू ओलांडल्यावर आरोही पातापर्यंत ३.६६ अंश जायचे बाकी. धूमकेतू दिवसाला किती अंश जातो? उपसूर्य बिंदूपाशी याचं सोपं सूत्र आहे. (१ + उत्केंद्रता) चं वर्गमूळ घ्या, त्याला उपसूर्य अंतराच्या दीड घाताने भागा आणि ०.९८५६ ने गुणा. इथे १.२८७९ ÷ १.०८४२ × ०.९८५६ = १.१७ अंश. मग ३.६६ ÷ १.१७ = ३.१३ दिवस, आणि १२.९३ + ३.१३ = १६.०६. म्हणजे भारतीय वेळेनुसार १६ डिसेंबरच्या सकाळी सातच्या सुमारास विर्टानेन पृथ्वीची पातळी ओलांडत होता.

त्या क्षणी पृथ्वी कुठे होती? पृथ्वीवरून सूर्य जिथे दिसतो त्याच्या बरोबर समोर. सूर्याचा भोगांश कुठल्याही पंचांगात स्पष्टरवी म्हणून मिळतो. तो निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेला) असतो, त्यात अयनांश (दोन मोजण्यांमधला फरक) मिळवले की सायन होतो, म्हणजे वसंत संपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य दिसतो त्या बिंदूपासून) मोजलेला. त्या सकाळी रवी धनू राशीच्या उंबऱ्यावर होता, निरयन २३९.९ अंश. त्यात २४.१ अंश अयनांश मिळवून २६४.०, १८० वजा करून पृथ्वी ८४.० अंशांवर. धूमकेतू ८२.१६ वर. अंतर १.८७ अंशांचं (दुसरा दशांश ठेवून).

अंतर, आणि माझी चूक

आता काटकोन त्रिकोण करा. एक बाजू सूर्यापासूनच्या अंतरांमधला फरक: धूमकेतू १.०५६३ वर, पृथ्वी डिसेंबरात थोडी जवळ म्हणजे ०.९८४१ वर. फरक ०.०७२२. इथे पृथ्वीसाठी सरसकट १ धरलंत तर उत्तर बिघडेल, कारण अंतरच इतकं लहान आहे. दुसरी बाजू आडवी: १.८७ अंशांचे रेडियन करून सरासरी अंतराने गुणलं की ०.०३३३. पायथागोरसने उत्तर आलं ०.०७९५ एकक.

प्रसिद्ध झालेलं अंतर होतं ०.०७७५. फरक तीन लाख किलोमीटरचा. दोन संध्याकाळी मी वर्गमुळं तपासत बसलो. चूक वर्गमुळात नव्हतीच. धूमकेतूचे कोन २००० सालच्या वसंत संपातापासून मोजलेले होते, आणि सूर्याचा भोगांश मी २०१८ च्या संपातापासून घेतला होता. संपात वर्षाला सुमारे ५० विकला (एका अंशाच्या ३६०० विकला) मागे सरकतो. १९ वर्षांचे साडेनऊशे विकला, म्हणजे ०.२६ अंश. ज्या संपातचलनावरून आपल्याकडे सायन-निरयन वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला, तेच माझ्या वहीत तीन लाख किलोमीटर होऊन बसलं होतं.

पृथ्वीच्या कोनातून ०.२६ वजा केले: फरक १.६१ अंश, आडवी बाजू ०.०२८७, उत्तर ०.०७७७. नेमका सर्वांत जवळचा क्षण पात ओलांडल्यावर काही तासांनी आला, तेव्हा अंतर आणखी किंचित कमी होऊन ०.०७७५ झालं. म्हणजे १ कोटी १६ लाख किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या तीसपट. कुठलंही सॉफ्टवेअर न वापरता.

आकाशात कुठे बघायचं

त्याच त्रिकोणातून हेही निघतं. पृथ्वीवर उभं राहून सूर्याकडे पाठ करा. धूमकेतू सूर्यापासून बाहेरच्या दिशेला ०.०७२२ आणि थोडा मागे ०.०२८७ आहे. ०.०२८७ ÷ ०.०७२२ चा व्यस्त टँजंट २१.७ अंश. पृथ्वीच्या दुरुस्त कोनातून, म्हणजे ८३.८ मधून वजा करा: ६२ अंश. कृत्तिकांचा पुंजका ६० अंशांवर आहे, रोहिणी ७० वर. एक क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या) किंचित वर, दुसरी किंचित खाली. म्हणजे धूमकेतू कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधे, आणि सूर्याच्या जवळपास समोर असल्यामुळे रात्रभर आकाशात.

१६ तारखेच्या रात्री आम्ही चौघं जुन्नरच्या पुढच्या एका माळावर होतो. चंद्र मावळेपर्यंत एक वाजला. मग १० × ५० ची द्विनेत्री कृत्तिकांवरून हळूच रोहिणीकडे सरकवली, तर वाटेत काचेवर कुणी फुंकर घालावी तसा एक करडा-हिरवट डाग दिसला. आकाराने पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा, कडा कुठे संपते ते कळू नये असा. शेपूट नाही. वहीतल्या ६२ अंशांवर तो खरोखर होता, याचा आनंद मला अजून सांगता येत नाही.

जवळचा धूमकेतू तेजस्वी असेलच, असं मात्र धरून चालू नका. विर्टानेनचा प्रकाश एवढ्या मोठ्या जागेत पसरला होता की शहरातून तो दिसला नाही. उलट ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान–अ‍ॅटलास आपल्यापासून ०.४७ एककांवर, म्हणजे सहापट दूर होता, तरी सूर्यास्तानंतर पश्चिमेला त्याचं शेपूट दिसलं. तो सूर्यापासून ०.३९ एककांपर्यंत जाऊन तापून आला होता. बघायला जायचं की नाही हे ठरवताना मी उपसूर्य अंतराला पृथ्वीपासूनच्या अंतराहून जास्त महत्त्व देतो.

उपसूर्य बिंदूपासून दूरच्या तारखा

दिवसाला १.१७ अंश हा वेग फक्त उपसूर्य बिंदूच्या आठवड्याभरात चालतो. पुढे धूमकेतू मंदावतो. तेव्हा केप्लरचं समीकरण वापरावं लागतं. उपसूर्य बिंदूनंतर ३० दिवसांनी विर्टानेन कुठे होता ते काढू. ३६० अंशांना फेऱ्याच्या दिवसांनी भागून ०.१८१२ अंश, तीस दिवसांचे ५.४३५ अंश, म्हणजे ०.०९४९ रेडियन. हा ‘मध्यम कोन’. आता असा कोन शोधायचा की त्यातून (उत्केंद्रता × त्याचा साईन) वजा केलं की ०.०९४९ उरावं. थेट सूत्र नाही. मध्यम कोनापासून सुरुवात करून नवा कोन = मध्यम कोन + उत्केंद्रता × साईन (जुना कोन) असं करत राहायचं. एक्सेलचा एक रकाना खाली ओढला की वीसेक फेऱ्यांत आकडा ०.२७१६ रेडियनवर येऊन थांबतो. त्याच्या निम्म्याचा टँजंट घ्या, (१.६५८८ ÷ ०.३४१२) च्या वर्गमुळाने गुणा, व्यस्त टँजंट घेऊन दुप्पट करा: ३३.५ अंश. ठरावीक वेगाने गेलो असतो तर ३५.१ आले असते. महिनाभरातच दीड अंशाचा फरक पडला.

आकडे शिळे होतात

कक्षेचे आकडे एका ठरावीक तारखेचे असतात. १९९० च्या पुस्तकातले विर्टानेनचे आकडे घेऊन २०१८ चं गणित करायला जाऊ नये. ग्रहांच्या ओढीने ते बदलतात. शिवाय धूमकेतू स्वतःही स्वतःला ढकलतो: सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होऊन झोत सुटतात आणि रॉकेटसारखा उलटा धक्का बसतो. एंके धूमकेतूचा फेरा प्रत्येक खेपेला सुमारे अडीच तासांनी कमी होत असल्याचं एकोणिसाव्या शतकात एंके यांच्या लक्षात आलं होतं.

सर्वांत धक्कादायक गोष्ट लेक्सेलच्या धूमकेतूची. १ जुलै १७७० रोजी तो पृथ्वीपासून ०.०१५ एककांवरून, म्हणजे चंद्राच्या सहापट अंतरावरून गेला. लेक्सेल यांनी गणित करून फेरा साडेपाच वर्षांचा ठरवला, पण तो पुन्हा कधीच दिसला नाही. १७६७ मध्ये गुरूने त्याला आपल्याकडे ढकललं होतं आणि १७७९ मध्ये गुरूनेच त्याला दूर फेकून दिलं.

आता तुमच्या हाताने: हॅले

हॅलेचे १९८६ च्या फेरीचे आकडे: उपसूर्य अंतर ०.५८७, उत्केंद्रता ०.९६७, कल १६२.२, आरोही पात ५८.९, पातापासूनचा कोन १११.९. कल ९० च्या वर आहे, म्हणजे हा धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून उपसूर्य बिंदूची दिशा काढताना बेरीज करायची नाही, पाताच्या भोगांशातून कोन वजा करायचा. पातांची अंतरं मात्र त्याच सूत्राने निघतात: आरोही १.८१, अवरोही ०.८५.

१९८६ मध्ये तो ९ फेब्रुवारीला उपसूर्य बिंदूपाशी आला तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडे होती. त्या वर्षी गच्चीवर जाऊन निराश झालेले पुष्कळ जण घरोघरी सापडतील. आता १९१० करून बघा. कक्षेचे कोन त्या फेरीतही जवळपास हेच होते, उपसूर्य बिंदूची तारीख २० एप्रिल. अवरोही पात ५८.९ + १८० = २३८.९ अंशांवर, आणि तिथपर्यंत जायला धूमकेतूला २९ दिवस लागले: १९ मे. पृथ्वी २३८.९ अंशांवर कोणत्या तारखेला असते ते पंचांगावरून काढा, संपातचलन विसरू नका. तीही १९ मेच्या आसपासच येते. पृथ्वी सूर्यापासून १.०१ वर, धूमकेतू ०.८५ वर, मधे ०.१६ एकक. त्या दिवशी हॅले सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून सूर्यबिंबावरून सरकत गेला, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूला पसरलेलं त्याचं शेपूट आपल्याच दिशेला होतं.